मामाचा जीन रिपोर्ट आला, आता मीपण टेस्ट करू का?

पत्र असं आहे, थोडं कमी करून देतेय:

"ताई, मी डिचोलीची, वय २७, पणजीत जॉब करते. आईचे वडील पन्नाशीला विसरायला लागले आणि ५८ ला गेले. मग मामा, ४७ व्या वर्षी. तो आता माझ्या मामेभावाकडे इंग्लंडात असतो, दादा पोर्तुगीज पासपोर्टवर तिकडे गेलाय. आणि आता आई. ती ५१ ची आहे, सुरुवात होऊन तीन वर्षं झाली. गेल्या चवथीला माटोळी (गणपतीवर टांगतात ती फळांची आरास) बांधताना तिने कांगलांचा घोस हातात घेतला आणि मला विचारलं, हें कितें गो? मागच्या महिन्यात दादाने फॅमिली ग्रुपवर टाकलं की मामाच्या रक्तात प्रेसेनिलिन-१ नावाच्या जीनमध्ये म्युटेशन सापडलं, आपल्या घरातला अल्झायमर आनुवंशिक आहे, लंडनला रिसर्च चालू आहे, सगळ्यांनी टेस्ट करून घ्या. मोठी मावशी म्हणते घराण्याला दोष आहे, देवळात प्रसाद घ्यायचा (देवाला कौल लावायचा) म्हणते. भाऊ २४ चा, शिपवर असतो, तो म्हणतो मला काही सांगूच नका. माझं लग्न व्हडल्या दिवाळीनंतर ठरलंय. टेस्ट करू का? त्याला सांगू का? आणि रिसर्चला जायचं म्हणजे आमच्यावर प्रयोगच ना?"

बाय, पहिलं तुझ्या दादाबद्दल बोलते कारण मला त्याचा जरा रागच आलाय. माहिती त्याने खोटी दिलेली नाही, पण असली गोष्ट कोण व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतं, गुड मॉर्निंगच्या फुलांच्या आणि कोणाच्या तरी बारशाच्या फोटोंच्या मधे? त्या ग्रुपवर पंधरा-सोळा वर्षांची पोरंही असतील ना तुमची? त्याची बाजू पण समजते म्हणा. बापाला रोज बघतो, परदेशात एकटाच निस्तरतोय, रिपोर्ट हातात आला आणि त्याला वाटलं सगळ्यांना ताबडतोब कळलंच पाहिजे. म्हणून त्याच्याशी भांडू नकोस, तो तुला पुढे लागणार आहे.

आता मुद्दा. आपल्याकडे घराघरात जो अल्झायमर दिसतो तो हा नव्हे. माझ्या सासूबाईंना ७९ व्या वर्षी झाला, भर दुपारी तीनला गेटवर जाऊन उभ्या राहायच्या, पोदेर (पाववाला) आला कसा नाही अजून म्हणून, आणि मी आत बोलवलं की मलाच विचारायच्या तू कोणाची? तो म्हातारपणचा. त्यात जीनचा थोडा हात असतो, एपीओई-४ नावाचा एक प्रकार आहे ज्याने धोका वाढतो, पण तो असला म्हणजे आजार होतोच असं नाही आणि नसला म्हणजे होत नाही असंही नाही. म्हणून माझ्या नवऱ्याला मी कुठली टेस्ट करायला लावलेली नाही, तो चाव्या विसरतो पण तो लग्नाच्या दिवशीपासून विसरतोय.

तुमच्या घरातला वेगळा. शंभर अल्झायमर पेशंट घेतले तर असा एकसुद्धा निघेल न निघेल, इतका दुर्मिळ. तीन जीन माहीत आहेत, एपीपी, प्रेसेनिलिन-१ आणि प्रेसेनिलिन-२, आणि त्यातला तुमच्यावाला सगळ्यात जास्त सापडणारा. यातल्या एकात तसलं म्युटेशन, म्हणजे जीनमधला बदल, असेल तर मेंदूत अ‍ॅमिलॉइड नावाच्या प्रोटीनचा चिकट प्रकार जास्त बनतो, वर्षानुवर्षं साठत जातो आणि आजार तिशी ते साठीच्या मधे कधीतरी येतो, साधारण आईबापाला ज्या वयात आला त्याच्या आसपास. म्युटेशन असलेल्या माणसाच्या प्रत्येक मुलाला ते मिळायची शक्यता निम्मी. प्रत्येकासाठी नाणं नव्याने उडवायचं. हे मुद्दाम लिहितेय कारण लोक हिशेब करतात, आम्ही दोघं भावंडं म्हणजे एकाला असणार एकाला नसणार. तसं काही नसतं, दोघांना असू शकतं, दोघांनाही नसू शकतं. आणि ज्याला मिळालं नाही त्याच्या पोरांना ते त्याच्याकडून येणार नाही, एक पिढी गाळून उडी मारत नाही हे. तुझी मोठी मावशी, जी प्रसाद घ्यायला सांगते, तिचं वय तू लिहिलं नाहीस पण ती आईहून मोठी आणि ठणठणीत, म्हणजे बहुतेक सुटलेली. कदाचित म्हणूनच तिला इतकं घाबरल्यासारखं झालं असेल, मला का नाही हा प्रश्न पण माणसाला खातो.

तर तुझ्या पहिल्या प्रश्नाच्या आधी एक प्रश्न येतो जो तू विचारलाच नाहीस. आईचं काय? मामाला म्युटेशन सापडलं, आईला सापडलेलं नाही, कारण आईचं रक्त कोणी तपासलंच नाही. वय आणि लक्षणं बघता तेच असेल असं वाटतं, पण वाटणं वेगळं. या टेस्टचा नियमच असा की आधी आजारी माणसाचं रक्त, मग बाकीच्यांचं. तीन वर्षांपूर्वी तुम्ही तिला दाखवलं तेव्हा थायरॉइड, बी-१२, डिप्रेशन, एमआरआय हे सगळं झालं होतं का? आमच्या सासूबाईंच्या वेळी पहिल्या डॉक्टरने बघितलंसुद्धा नाही, "वय झालं" म्हणून गोळी लिहून दिली, दोन वर्षं त्यात गेली. तुझी आई तर ४८ ची होती, तिला मेनोपॉज म्हणून परत पाठवली असेल तर मला नवल वाटणार नाही. बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) न्यूरॉलॉजीत जा, मामाच्या रिपोर्टची पूर्ण कॉपी दादाकडून मागून घे, "म्युटेशन सापडलं" एवढं वाक्य कामाचं नाही, जीनमध्ये नेमका कुठे आणि काय बदल ते त्या कागदावर लिहिलेलं असतं आणि लॅबला तेवढंच शोधायचं असतं. पुढे जेनेटिक्ससाठी ते मुंबईला किंवा बंगळुरूला निमहान्सला पाठवतील कदाचित. आणि आईला विचार. ती विसरते म्हणून तिला विचारायचंच नाही असं करू नका, चांगल्या वेळी, सकाळी चहानंतर वगैरे, साध्या शब्दात सांग की मामाला आहे तेच तुला आहे का ते बघायला रक्त काढायचंय. समजेल तेवढं समजेल.

आणि ते ऑनलाइन थुंकी पाठवायचे किट मिळतात ते मागवू नकोस. ते बहुतेक एपीओई बघतात, तुमचा प्रश्नच तो नाही, रिपोर्ट चांगला आला म्हणून तू खूष होशील आणि त्या खुषीला काही अर्थ नसेल.

आता रिसर्च. प्रयोगच ना, असं तू विचारलंस. हो, प्रयोगच. पण कसला ते ऐक, कारण हे सगळं मुळात एका पत्रावरून सुरू झालंय आणि तू पण मला पत्रच लिहिलंयस.

इंग्लंडात कॅरोल जेनिंग्ज म्हणून एक शिक्षिका होती. तिचे वडील, आत्या, काका सगळे एकामागोमाग पन्नाशीत विसरायला लागले. १९८० च्या दशकात तिने लंडनच्या संशोधकांना पत्र लिहिलं की आमच्या घरात हे असं होतंय, तुम्हाला काही उपयोग होईल का. त्या घराण्याच्या रक्तावरून १९९१ मध्ये एपीपीमधलं म्युटेशन सापडलं आणि अल्झायमरच्या औषधांच्या मागचा जो मोठा विचार आहे, अ‍ॅमिलॉइडपासून सगळं सुरू होतं हा, त्याला तिथून जोर आला. आणि ही बाई, जिने हे सगळं घडवलं, तिने स्वतःची टेस्ट कधी केली नाही. माहीत करून घ्यायचंच नाही म्हणाली. पुढे तिलाही आजार झाला, २०२४ मध्ये गेली. तुझा भाऊ जेव्हा म्हणतो मला सांगू नका तेव्हा त्याला भित्रा म्हणायच्या आधी ही बाई आठव.

दुसरीकडे कोलंबिया. तिथे अँतिओकिया नावाच्या डोंगराळ भागात फ्रान्सिस्को लोपेरा नावाचा डॉक्टर १९८० च्या दशकापासून खेड्याखेड्यात फिरला, आजूबाजूला बंदुकवाल्यांची लढाई चालू असताना, चर्चच्या जुन्या नोंदी चाळत एकेका घराण्याची वंशावळ जोडत बसला. सुमारे सहा हजार माणसांचं एकच मोठं घराणं निघालं, प्रेसेनिलिन-१ च तुमच्यासारखं, पण तिथे चव्वेचाळीसच्या आसपास विसरायला सुरुवात आणि पन्नाशीच्या आत पुरता आजार. तिथले लोक त्याला ला बोबेरा म्हणायचे, म्हणजे खुळेपणा, आणि कारण काय सांगायचे माहितीये? शाप. कोणी म्हणे पाद्र्याचा, कोणी म्हणे कुठल्या झाडाला हात लावला म्हणून. तुझ्या मावशीची आठवण आली की नाही? डॉक्टर लोपेरा पण २०२४ मध्येच गेले.

आणि तुझा दादा ज्या लंडनच्या रिसर्चबद्दल सांगतोय तो बहुतेक २००८ मध्ये अमेरिकेत सेंट लुइसच्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीत सुरू झालेला, अशा घराण्यांचा अभ्यास असणार, त्याची लंडनला पण साइट आहे. त्याचं शॉर्ट नाव डायन. आता मला सांग, हे नाव मावशीला कोण सांगणार? मी तरी नाही.

या अभ्यासात काय करतात तर आईबापांपैकी एकाला आजार असलेल्या मुलांना घेतात, त्यांना अजून काही झालेलं नसताना. दर एक-दोन वर्षांनी बोलावतात, स्मरणशक्तीच्या टेस्ट, एमआरआय, पेट स्कॅन, रक्त, आणि पाठीतून सुई घालून मणक्यातलं पाणी काढतात. आईला कुठल्या वयात सुरुवात झाली ते धरून तू त्या वयापासून किती वर्षं लांब आहेस हे मांडतात. २०१२ मध्ये १२८ जणांवरचा त्यांचा जो पेपर आला त्याने सगळं चित्रच बदललं, कारण लक्षणं दिसायच्या २५ वर्षं आधीपासून पाठीच्या पाण्यातलं अ‍ॅमिलॉइड कमी व्हायला लागलेलं दिसलं, मेंदूत साठलेलं स्कॅनवर १५ वर्षं आधी, आणि आठवणीतला बारीक फरक १० वर्षं आधी. म्हणजे माणूस कामाला जातो, लग्न करतो, पोरं वाढवतो आणि आत हे चालू असतं. तू २७ ची, आईला ४८ ला झालं, हिशेब तू केलाच असशील रात्री पडल्या पडल्या, म्हणून मी लपवत नाही. पण याच हिशेबातून औषधवाल्यांना कळलं की आपण फार उशिरा पोचतोय, घर जळून गेल्यावर बंब.

मग २०१२ नंतर त्यांनी याच घराण्यांमध्ये औषधं द्यायला सुरुवात केली. २०२० मध्ये दोन औषधांचा रिझल्ट आला, दोन्ही फसली, विचार करण्याच्या ताकदीवर काही फरक नाही. कोलंबियाच्या २५२ जणांना वर्षानुवर्षं एक औषध दिलं, २०२२ मध्ये तेही फसलं. कल्पना कर त्या माणसांची, इतकी वर्षं सुया टोचून घेतल्या आणि शेवटी सॉरी. पण पहिल्या दोनातलं एक, गँटेनेरुमॅब, ते लोकांनी पुढेही चालू ठेवलं होतं, आणि मार्च २०२५ मध्ये जो रिपोर्ट आला त्यात, ज्यांना अजून लक्षणं नव्हती आणि ज्यांनी सगळ्यात जास्त, सरासरी आठ वर्षं औषध घेतलं अशा २२ जणांमध्ये आजार सुरू व्हायचा धोका जवळजवळ निम्म्यावर आलेला दिसला. बावीस माणसं म्हणजे आपल्या कदंबाच्या बसची अर्धी सीटं, त्यावरून नाचायला नको, आणि कंपनीने ते औषध २०२२ मध्येच बंद केलंय, लोकांना दुसऱ्या तशाच औषधावर घेतलं. या औषधांनी मेंदूला सूज किंवा बारीक रक्तस्राव होऊ शकतो म्हणून सारखं एमआरआय. तरी पण मी इतकी वर्षं या विषयावरचं वाचते त्यात लक्षणं यायच्या आधी घेतलेल्या औषधाने ती पुढे ढकलली जातील असा हा पहिला इशारा. तुझ्या आजोबांच्या वेळी कोणाला नावसुद्धा माहीत नव्हतं.

एक गोष्ट मला यातली फार आवडते ती सांगते. या औषधाच्या ट्रायलमध्ये आपलं म्युटेशन माहीत नसतानाही भाग घेता येत होता. मग ज्याला म्युटेशनच नाही त्याला औषध देणार का? नाही. त्याला नुसतंच खोटं औषध, वर्षानुवर्षं, ठरलेल्या तारखेला, ठरलेल्या सुईने. का तर औषध मिळतंय की नाही यावरून कोणाला आपलं नशीब कळू नये म्हणून. म्हणजे ज्याच्या अंगात काहीच नाही असा माणूस दर महिन्याला जाऊन खोटी सुई टोचून घेत होता, आपल्या बहिणीचं गुपित राहावं म्हणून. रक्षाबंधन यापेक्षा वेगळं काय असतं.

तर प्रयोग, हो. पण तिथे जाणं आणि आपलं नशीब उघडून बघणं ही दोन वेगळी दारं आहेत आणि दादाच्या मेसेजने ती एकच करून टाकली. औषध न देता नुसतं बघण्याच्या अभ्यासात तू तुझा रिपोर्ट न मागता जाऊ शकतेस, तुला तपासणाऱ्या माणसालाही तो माहीत नसतो. आणि तुझ्यात म्युटेशन नसलं तरी तू त्यांना तेवढीच हवी आहेस, कारण तुलना करायला त्याच घरातला, तेच पाणी प्यायलेला माणूस लागतो. दादाला विचार, भारतातून येणाऱ्याला घेतात का, तिकिटाचे पैसे कोण देणार, व्हिसाचं पत्र कोण देणार, हे ईमेलवर लेखी माग. मणक्याची सुई नको असेल तर तसं सांगता येतं का तेही विचार. मधेच सोडायची मुभा असतेच, कोणी धरून ठेवत नाही.

तुझा भाऊ शिपवर आहे म्हणालीस, कुठल्या डिपार्टमेंटला? इंजिनात असेल तर त्याला ही एक गोष्ट सांग, बाकी काही सांगू नकोस. अमेरिकेत एक माणूस आहे, याच अभ्यासातला, त्याच्या घरात प्रेसेनिलिन-२ चं म्युटेशन, बऱ्याच जणांना पन्नाशीच्या आसपास झालं, त्याच्यातही तेच म्युटेशन, आणि तो सत्तरी ओलांडून मस्त आहे. मेंदूत अ‍ॅमिलॉइड भरपूर, पण टाऊ म्हणून जो दुसरा प्रोटीन पसरतो तो मागच्या एका कोपऱ्यातच थांबलाय. २०२५ मध्ये त्याच्यावर पेपर आला. त्याने उमेदीची कितीतरी वर्षं जहाजांच्या इंजिन रूममध्ये, भट्टीसारख्या गरमीत काढली, आणि त्याच्या अंगात उष्णतेशी झगडणारे प्रोटीन जास्त सापडले म्हणून शास्त्रज्ञांना शंका आहे की त्याचा काही संबंध असेल. नुसती शंका हं, एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, तू उद्यापासून गावात भट्टीजवळ जाऊन बसू नकोस. कोलंबियातही एक बाई निघाली, त्याच घराण्यातली, तिला चाळिशीत व्हायला हवा होता तो सत्तरीपर्यंत नाही आला, तिच्यात दुसरंच एक विरळ म्युटेशन होतं, एपीओईमधलं, दोन्ही बाजूंनी आलेलं, त्याचं नाव क्राइस्टचर्च. २०१९ मध्ये ती बातमी जगभर गाजली. आता त्या म्युटेशनची नक्कल करणारं औषध करता येईल का यावर लोक डोकं लावतायत. शंभर टक्के म्हणतात त्यातूनही निसटलेली माणसं आहेत, आणि ती सापडली कारण त्यांच्या घरचे चाळीस चाळीस वर्षं डॉक्टरांना दार उघडत राहिले.

आता तुझी स्वतःची टेस्ट. माझं मत सरळ सांगते, लग्नाच्या आधी घाईघाईत करू नकोस. हॉल बुक झाला, पत्रिका छापायच्या, म्हणून तेवढ्यात हेही उरकून टाकू असं याचं नसतं. रीतसर करतात तिथे आधी काउन्सेलरबरोबर बसवतात, मधे वेळ देतात, रिपोर्ट समोर बसवून सांगतात, फोनवर नाही, आणि रिपोर्ट तयार असला तरी तू शेवटच्या मिनिटाला नको म्हणू शकतेस, पाकीट बंदच राहतं. अठराच्या खालच्या पोरांची करतच नाहीत, हे दादाच्या ग्रुपवर मुद्दाम सांग. स्वतःला एकच विचार, रिपोर्ट शुक्रवारी आला असं धर, सोमवारी मी काय वेगळं करीन? कोणाला सोमवारी खूप काही करायचं असतं. मूल होऊ द्यायचं की नाही ठरवायचं असतं, ट्रायलमध्ये जायचं असतं, किंवा माहीत नसणंच त्यांना सहन होत नाही, अंधारात पाय टाकण्यापेक्षा खड्डा दिसलेला बरा असं वाटतं. त्यांनी करावी. आणि कोणाला सोमवारी तीच कदंबा पकडून पणजीला जायचं असतं, फक्त डोक्यावर धोंडा घेऊन, आणि चावी सापडली नाही की दरवेळी पोटात खड्डा पडणार असतो. त्यांनी थांबावं. आज नको म्हटलं म्हणजे कायमचं नको असं नाही, पण एकदा कळलं की न कळलेलं करता येत नाही. आणि एक अडचण, तू केलीस आणि पॉझिटिव्ह आली तर आईचं पण आपोआप ठरलं, म्हणून परत म्हणते, आधी आई. भावाला मात्र तुझा रिपोर्ट कुठल्याही परिस्थितीत जबरदस्तीने ऐकवायचा नाही, तुझ्या रिपोर्टवरून त्याचं काही ठरत नाही तसंही.

मुलगा. त्याला सांग. तुझ्या जीनबद्दल सांगायला तुझ्याकडे काही नाहीच आहे, तुलाच माहीत नाही, पण आईला काय झालंय, मामाला काय, आणि निम्मी शक्यता म्हणजे काय हे लग्नाच्या आधी त्याला कळायला हवं, आणि तुझ्या तोंडून, मावशीच्या "दोष" या शब्दातून नाही. घरच्यांच्या बैठकीत नको, त्याच्याशी एकटीने, मिरामारला वाळूत बसून सांगितलंस तरी चालेल. तो म्हणाला आधी टेस्ट कर मग बघू, तर मग तुला त्याच्याबद्दल कळलं. तो म्हणाला आई जेवते का नीट, तर तेही कळलं. मुलाबाळांचं म्हणशील तर भ्रूण तपासून म्युटेशन नसलेलाच ठेवायची सोय आयव्हीएफमध्ये आहे, महाग आहे, पण आहे, आणि काही ठिकाणी आईबापाला स्वतःचं नशीब न सांगताही ते करतात. ते पुढचं पुढे.

इन्शुरन्स, दोन ओळीत. टेस्टच्या आधी मेडिक्लेम आणि टर्म दोन्ही घेऊन टाक, आपल्याकडे जीनवरून भेदभाव करू नये असा वेगळा कायदा अजून नाही. फॉर्ममध्ये घरातल्यांचे आजार विचारतात ते खरं लिही, लपवलंस तर नेमका क्लेमच्या वेळी गळा धरतील.

मावशीशी वाद घालू नकोस. प्रसाद घ्यायचा तर घेऊ दे, आमच्या म्हार्दोळला लोक घर बांधायला, लग्नाला, शिपवर जायला सगळ्याला प्रसाद घेतात आणि मग डॉक्टरकडेही जातात, दोन्ही एकाच खिशात राहतं. फक्त देव उजवा आला की डावा यावरून आईचं औषध बंद होणार नाही एवढं बघ. आणि मावशीकडून एक काम करून घे. आजोबांच्या वरच्या पिढीत कोण कोण "खुळं झालं" म्हणून बाजूला ठेवलं होतं, कोण पन्नाशीत गेलं, नावं, अंदाजे वयं, सगळं वहीत लिहून घे. ते तिलाच माहीत आहे, जगात दुसऱ्या कोणालाही नाही, आणि लंडनचा डॉक्टर सगळ्यात आधी तेच विचारेल. शाप शाप म्हणणाऱ्या बायकांच्याच डोक्यात वंशावळ असते.

आईसाठी मात्र आत्ताच कर, रिपोर्टची वाट बघू नकोस. गोव्यात डिमेन्शिया असलेल्यांच्या घरी जाऊन घरच्यांना शिकवायचं काम बरीच वर्षं चाललंय, पर्वरीच्या संगाथसारख्या संस्थांनी गावातल्या साध्या बायकांना ट्रेन करून ते केलं, ८१ घरांवर अभ्यास झाला आणि सांभाळणाऱ्याचा जीव त्याने खरंच थोडा हलका झाला असं दिसलं. तू नोकरीला गेल्यावर आईबरोबर कोण असतं हे तू लिहिलं नाहीस, बाबांचा उल्लेखच नाही पत्रात. ते असतील तर त्यांनाही कोणी विचारलेलं नसणार.

चवथीला माटोळी तिलाच बांधू दे. नावं विचारू नकोस, हे काय आई, ओळख बघू, असली परीक्षा घ्यायची सवय घरच्यांना लागते आणि मीपण ती घेतलीय सासूबाईंची, मेल्याहून मेल्यासारखं होतं त्यांना. तू नुसतं एकेक हातात देत जा, बोलत बोलत, ही घे कांगलां, हे तोरींग, आता आंबाडे, सुपारीचा शिपटा शेवटी. हाताला गाठ मारता येत असते खूप दिवस, तोंडातलं नाव गेल्यावर पण. सासूबाईंना माझं नाव गेलं त्यानंतर दीड वर्ष त्या अबोलीचा वळेसर बिनचूक करायच्या.

आणि ग्रुपवर आता काय लिहायचं ते मीच देते, कॉपी करून टाक:

"दादा, मामाचा रिपोर्ट मला पर्सनलवर पाठव, पूर्ण, सगळी पानं. आधी आईची टेस्ट करतोय. माझं मी ठरवल्यावर सांगीन, किंवा नाही सांगणार. भावाला यावरून कोणी फोन करू नका. लहान मुलांची टेस्ट करत नाहीत. मावशी, मी रविवारी तुझ्याकडे येतेय, वही घेऊन."

रविवारी जाताना तिच्यासाठी काहीतरी गोड ने, आणि जेवायलाच थांब, दुपारी झोपून उठल्यावर त्या जास्त सांगतात.